क्राफ्ट बिअर आणि पर्यटन : शहरांच्या कुंपणात अडकलेली संधी

पर्यटन धोरण आखताना किल्ले, मंदिरे, समुद्रकिनारे आणि अभयारण्ये यांच्या जोडीला स्थानिक खाद्यपेयांचा विचार करण्याकडे राज्यांचा कल वाढत आहे. नाशिकची वाईन आणि गोव्याची फेणी यांनी ही वाट आधीच दाखवली. त्याच वाटेवर आता लहान प्रमाणात, विशिष्ट पद्धतीने तयार होणारी क्राफ्ट बिअर उभी आहे. गेल्या दीड दशकात बंगळुरू, पुणे, गुरुग्राम आणि मुंबई या शहरांत मायक्रोब्रुअरींची संख्या लक्षणीय वाढली. या व्यवसायाने महानगरांतील संध्याकाळचे रूप पालटले. परंतु पर्यटनाच्या नकाशावर त्याने अद्याप एकही नवे गाव आणलेले नाही. जगातील काही छोट्या शहरांनी याच व्यवसायाच्या बळावर आपली ओळख घडवली असताना भारतात असे का घडले नाही, आणि घडावे असे वाटत असेल तर त्याची किंमत कोणती, हे दोन्ही प्रश्न एकत्रच तपासावे लागतात.

चवीचा आणि जागेचा संबंध

बिअरचे मूळ घटक चारच आहेत : पाणी, मोड आणून वाळवलेला सातू म्हणजे माल्ट, कडवटपणा व सुगंध देणारी हॉप्सची फुले आणि यीस्ट. माल्ट भरडून तो साधारण ६५ ते ६८ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मुरवला जातो. त्यातील पिष्टाची साखर होते. हा गोड अर्क हॉप्ससह उकळून थंड केला जातो आणि मग यीस्ट त्याचे किण्वन करते. एल प्रकारची बिअर तुलनेने उबदार तापमानात काही दिवसांत तयार होते. लागर प्रकाराला थंडावा आणि अधिक आठवडे लागतात.

मोठ्या कारखान्यांत ही बिअर गाळून, पाश्चरीकरण करून बाटलीबंद केली जाते, जेणेकरून ती हजारो किलोमीटर प्रवास करूनही टिकावी आणि सर्वत्र सारखीच लागावी. मायक्रोब्रुअरीत बहुधा या दोन्ही प्रक्रिया टाळल्या जातात. त्यामुळे चव ताजी राहते, पण पेय लवकर खराब होते. पर्यटनाच्या दृष्टीने नेमकी हीच गोष्ट महत्त्वाची ठरते. जी वस्तू दूर नेता येत नाही, तिच्यासाठी माणसाला तिथे जावे लागते. अशा प्रवासात तो मुक्काम करतो, जेवतो, स्थानिक वाहन घेतो, बाजारात खरेदी करतो. एका पेल्याच्या किमतीपेक्षा त्याभोवतीचा हा खर्च कितीतरी अधिक असतो. छोट्या उत्पादकाचाही यात लाभ आहे. वितरक आणि दुकानदार यांची साखळी न लागता ग्राहक थेट त्याच्या दारात येतो.

परदेशातील अनुभव

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ॲशव्हिल हे डोंगरांनी वेढलेले शहर या संदर्भात वारंवार उदाहरण म्हणून दिले जाते. तेथील हायलँड ब्रुइंग ही पहिली आधुनिक ब्रुअरी १९९४ मध्ये सुरू झाली. या राज्यात ६ टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेल्या बिअरवर बंदी होती. २००५ मध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत वाढवण्यात आली आणि अनेक पारंपरिक युरोपीय प्रकार कायदेशीररीत्या बनवणे शक्य झाले. त्यानंतर शहरात छोट्या ब्रुअरींची दाटी झाली. पश्चिम अमेरिकेतील सिएरा नेवाडा आणि न्यू बेल्जियम या मोठ्या नावांनीही आपले पूर्वेकडील प्रकल्प याच परिसरात उभारले. डोंगरदऱ्यांतील भटकंतीसाठी येणारा पर्यटक संध्याकाळी ब्रुअरीत जाऊ लागला, तर ब्रुअरीसाठी येणारा सकाळी डोंगर चढू लागला. ॲशव्हिलच्या यशाचे मर्म या जोडणीत आहे. निसर्गाचे आकर्षण आधीपासून होते. बिअरने मुक्काम वाढवला.

बेल्जियमची कथा वेगळी आहे. तेथील बिअर संस्कृतीचा समावेश युनेस्कोने २०१६ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. तेथील वेस्टव्लेटरेन मठातील साधू गरजेपुरतीच बिअर बनवतात. मागणी वाढली म्हणून त्यांनी उत्पादन वाढवले नाही. आगाऊ नोंदणी करून मठाच्या दारात जाणे हाच ती मिळवण्याचा मुख्य मार्ग राहिला, आणि त्या आडगावाकडे जगभरातील रसिकांची पावले वळली. ब्रुझ या मध्ययुगीन शहरातील दे हाल्वे मान ब्रुअरीने जुन्या शहरातील आपली जागा सोडली नाही, मात्र बाटल्या भरण्याचे काम शहराबाहेर नेले. त्यामुळे टँकरची वर्दळ अरुंद दगडी रस्त्यांवर वाढू लागली. उपाय म्हणून २०१६ मध्ये दोन्ही ठिकाणांना जोडणारी सुमारे ३ किलोमीटर लांबीची भूमिगत वाहिनी टाकण्यात आली. तिच्या खर्चाचा काही भाग नागरिकांनी वर्गणीतून उचलला. वारसा जपायचा तर त्याची व्यवस्थाही करावी लागते, हे या वाहिनीने दाखवले.

जर्मनीतील म्युनिक शहराने आपल्या ऑक्टोबरफेस्टचे दार सर्वांना मोकळे ठेवले नाही. १८१० पासून परंपरा असलेल्या या उत्सवात केवळ म्युनिक शहराच्या हद्दीत तयार झालेली, तेथील सहा ब्रुअरींची बिअरच दिली जाते. चेक प्रजासत्ताकातील झातेत्स नगर आणि त्याभोवतीचा हॉप्स लागवडीचा प्रदेश २०२३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या यादीत दाखल झाला. तेथे पर्यटक हॉप्सचे मळे, वाळवणीची घरे आणि गोदामे पाहतो. म्हणजे वारशाचा मान पेयाइतकाच शेतीला आणि श्रमालाही मिळाला आहे.

या उदाहरणांतून एक समान सूत्र हाती येते. बिअर पर्यटनाचे कारण बनते ती एखाद्या जागेशी घट्ट बांधली गेल्यावरच. ती जागा डोंगर असो, मठ असो, शहराची हद्द असो वा हॉप्सचा मळा असो.

भारतातील कायद्याचा नकाशा

भारतात बिअर नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एडवर्ड डायर याने हिमाचलच्या कसौली परिसरात ब्रुअरी सुरू केली. आशियातील आरंभीच्या ब्रुअरींत तिची गणना होते. थंड हवा आणि झऱ्यांचे पाणी हे त्यामागील कारण होते. मात्र स्वातंत्र्योत्तर काळात हा उद्योग मोठ्या कारखान्यांच्या आणि राज्यांच्या उत्पादन शुल्क विभागांच्या चौकटीत स्थिरावला. मायक्रोब्रुअरीचे युग २००८ नंतर सुरू झाले. हरियाणाने आरंभीच परवाने दिले. २००९ मध्ये पुण्यात सुरू झालेली डूलाली ही महाराष्ट्रातील पहिली मायक्रोब्रुअरी मानली जाते. कर्नाटकाने नियम केल्यानंतर २०१०-११ च्या सुमारास बंगळुरूत या व्यवसायाने जोर धरला.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार मद्य हा राज्यांच्या सूचीतील विषय आहे. परिणामी, देशात मद्यविषयक कायदा एक नसून प्रत्येक राज्याचा स्वतंत्र आहे. गुजरात, बिहार आणि नागालँड येथे दारूबंदी आहे. गोव्यात १८ व्या वर्षी मद्यपान कायदेशीर आहे, महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षे आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे, तर दिल्लीत ती २५ आहे. मानवी सेवनासाठीचे मद्य वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर ठेवण्यात आले आहे. त्यामुळे यंत्रसामग्री, वेष्टने आणि सेवांवर भरलेल्या जीएसटीची वजावट ब्रुअरीला मिळत नाही. हा भार मोठा कारखाना पेलतो. दिवसाला काहीशे लिटर बनवणाऱ्याला तो जड जातो.

बाटलीबंद बिअर दुसऱ्या राज्यात न्यायची तर तेथे लेबलची नोंदणी, शुल्क आणि परवानगी हे सारे नव्याने करावे लागते. ही यंत्रणा किती काटेकोर आहे, याचा प्रत्यय बिरा ९१ या ब्रँडच्या बाबतीत आला. कंपनीच्या नावातील ‘प्रायव्हेट’ हा एक शब्द वगळला गेल्यावर राज्याराज्यांत लेबलची पुनर्नोंदणी करणे भाग पडले, विक्री काही महिने विस्कळीत झाली आणि कंपनीच्या ताळेबंदाला मोठा फटका बसला. देशभर पसरलेल्या कंपनीची ही गत होत असेल, तर एखाद्या जिल्ह्यातील छोट्या उत्पादकाने शेजारच्या राज्याचा बाजार मिळवण्याचा विचारही न केलेला बरा.

मायक्रोब्रुअरीसाठीचे नियम वरकरणी पर्यटनाला पोषक दिसतात. अनेक राज्यांत दिवसाला सुमारे १,००० लिटरची मर्यादा आहे आणि बनवलेली बिअर मुख्यतः त्याच जागेत विकावी लागते. ‘इथे या आणि इथेच प्या’ हा नियम बेल्जियमच्या मठाला शोभणारा आहे. अडचण पुढे येते. हा परवाना बहुधा आधीच बार किंवा हॉटेलचा परवाना असलेल्याला मिळतो. जागेच्या अटी आणि परवाना शुल्क यांचा हिशेब महानगरातील गर्दीवरच जुळतो. त्यामुळे जे पेय गावाशी बांधले जाऊ शकले असते, ते शहरातील व्यापारी संकुलांच्या गच्चीवर गेले. तेथील पाणी नळाचे वा टँकरचे, माल्ट उत्तर भारतातील वा परदेशी, हॉप्स प्रामुख्याने आयात केलेले. अशा बिअरचा दर्जा उत्तम असू शकतो, आणि बंगळुरू-पुण्यातील काही ब्रुअरींचा तो आहेही. पण ती पिण्यासाठी पर्यटकाने एखादे विशिष्ट गाव गाठावे, असे कारण तिच्यात उरत नाही.

यात सर्वोच्च न्यायालयाच्या महामार्गविषयक आदेशाचीही भर पडली. मद्यपान करून वाहन चालवल्याने होणारे अपघात रोखण्यासाठी न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय व राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत मद्यविक्रीला मनाई केली. पुढे लहान वस्त्यांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. जुलै २०१७ मध्ये नगरपालिका हद्दींना सवलत मिळाली, आणि २०१८ मध्ये शहरीकरण झालेल्या ग्रामीण भागांबाबतचा निर्णय राज्यांवर सोपवण्यात आला. आदेशामागील चिंता योग्यच होती. परंतु शहराला सूट आणि महामार्गालगतच्या ग्रामीण भागाला मनाई, या रचनेमुळे हा व्यवसाय आणखी शहराकडे ढकलला गेला.

नाशिकने काय वेगळे केले

याउलट नाशिकच्या वाईन उद्योगाची पायाभरणी शेतात झाली. द्राक्षे आधीपासून होती, शेतकऱ्यांची मेहनत व तंत्रज्ञान होते आणि मुंबई-पुण्यासारखी मोठी शहरे काही तासांच्या अंतरावर होती. सुला विनयार्ड्सची सुरुवात १९९९ मध्ये झाली. महाराष्ट्र सरकारने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. त्यात स्थानिक वाईनला उत्पादन शुल्कात सवलत देण्यात आली आणि विंचूर येथे वाईन पार्कची उभारणी झाली. त्यानंतर मळ्यातच चाखण्याची दालने, निवासव्यवस्था आणि संगीत महोत्सव आले. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्र्यंबकेश्वर आणि गोदाघाटामुळे भाविकांचे शहर असलेल्या नाशिकला त्यामुळे शनिवार-रविवारी येणारा एक वेगळाच प्रवासी वर्ग लाभला.

नाशिकचा धडा केवळ यशाचा नाही. २००८-०९ च्या सुमारास जागतिक मंदी आणि अतिरिक्त उत्पादन यांचा फटका बसला, तेव्हा अनेक छोट्या वायनरी बंद पडल्या आणि वाईनची द्राक्षे लावलेल्या शेतकऱ्यांना वेली उपटाव्या लागल्या. वाईनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात चालत नाहीत. खरेदीदार गेला की माल पडून राहतो. पर्यटन टिकले ते मोठे भांडवल आणि स्वतःचे मळे असलेल्या मोजक्या कंपन्यांपाशी. पिकाला उद्योगाशी जोडताना जोखीम कोणाच्या गळ्यात पडते, हा प्रश्न क्राफ्ट बिअरच्या बाबतीतही टाळता येणार नाही.

सामाजिक संमतीचा मुद्दाही महाराष्ट्राने अनुभवला आहे. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमधून वाईन विक्रीला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांच्यासह अनेकांनी त्याला विरोध केला आणि निर्णय प्रत्यक्षात उतरला नाही. शेतकऱ्यांचे हित हा युक्तिवाद एकट्याने पुरेसा ठरत नाही, असा त्याचा अर्थ निघतो.

घराघरांतील वारसा

खऱ्या अर्थाने स्थानिक असलेली किण्वित पेये भारतात शहरांबाहेरच आहेत. लडाख व सिक्कीममधील छांग, अरुणाचल प्रदेशातील आणि आसामच्या मिशिंग समाजातील अपोंग, नागालँडमधील झुथो, झारखंड-ओडिशातील हंडिया ही पेये तांदूळ, नाचणी किंवा सातूपासून घरोघरी तयार होतात. ती बहुधा स्त्रिया बनवतात. त्यांच्या किण्वनाच्या गोळ्यांत परिसरातील वनस्पती असतात आणि त्या ज्ञानाची वही पिढ्यान्‌पिढ्या तोंडीच राहिली आहे. आसामच्या दिमा हासाव जिल्ह्यातील दिमासा समाजाच्या जुदिमा या चिकट तांदळाच्या पेयाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. असा मान मिळालेले ईशान्य भारतातील ते पहिले पारंपरिक पेय ठरले.

ईशान्येकडील राज्यांचे कायदेही हळूहळू बदलत आहेत. मेघालयाने २०२० मध्ये स्थानिक फळांपासून बनवलेल्या घरगुती वाईनच्या निर्मितीला व विक्रीला मान्यता दिली. दारूबंदी असलेल्या मिझोरमच्या विधानसभेने २०२५ मध्ये दुरुस्ती करून राज्यात पिकणाऱ्या शेतमालापासून बनलेल्या वाईन व बिअरला वाट करून दिली. नागालँडमध्ये १९८९ पासून दारूबंदी आहे. तरीही दरवर्षी १ ते १० डिसेंबरला किसामा येथे भरणाऱ्या हॉर्नबिल महोत्सवात जमातींच्या मोरुंगांमध्ये पाहुण्यांना तांदळाची बिअर मिळते. पर्यटकाला जी गोष्ट त्या भूमीची ओळख वाटते, ती राज्याच्या कायद्यात मात्र संदिग्ध अवस्थेत आहे.

गोव्याच्या फेणीने ही संदिग्धता दूर करण्याचा प्रयत्न केला. काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ मध्ये राज्य सरकारने तिला वारसा पेय घोषित केले आणि २०२१ मध्ये स्वतंत्र धोरण आणले. काजूच्या हंगामात बोंडे तुडवण्यापासून भट्टीपर्यंतची प्रक्रिया पाहण्यासाठी पर्यटक आता अंतर्गत गावांकडे वळू लागले आहेत. किनाऱ्यावर एकवटलेल्या गर्दीला आतल्या भागाकडे नेणारे असे आकर्षण गोव्यासाठी मोलाचे आहे. फेणी ही ऊर्ध्वपातित, तीव्र दारू आहे आणि बिअरशी तिची थेट तुलना होत नाही. तथापि मानांकन, वारशाचा दर्जा आणि धोरण हा तिचा क्रम इतर राज्यांनी अभ्यासण्याजोगा आहे.

येथे एक धोका मात्र स्पष्ट दिसतो. शहरातील भांडवलाने डोंगरातील पेयाचे नाव उचलावे, त्याला आकर्षक वेष्टन द्यावे आणि ते बनवणाऱ्या स्त्रियांच्या हाती काहीच लागू नये, असे घडणे सहज शक्य आहे. मानांकनामुळे नावाला संरक्षण मिळते. पण बाजारात उतरण्यासाठी लागणारे परवाने, चाचण्या आणि स्वच्छतेचे निकष पाळण्याइतकी ताकद बचत गटाकडे नसते. ती ताकद देण्याचे काम धोरणाचे आहे.

पाणी, आरोग्य आणि रस्ते

क्राफ्ट बिअरच्या पर्यटनाची दुसरी बाजू खर्चाची आहे, आणि तो खर्च नेहमी ब्रुअरी उचलत नाही. एक लिटर बिअरसाठी, धुण्याचे व थंड करण्याचे पाणी धरून, अनेक लिटर पाणी लागते आणि लहान ब्रुअरीत हे प्रमाण मोठ्या कारखान्यापेक्षा सहसा अधिक असते. मार्च २०२४ मध्ये बंगळुरूत तीव्र टंचाई निर्माण झाली. गाड्या धुणे आणि बागांना पाणी घालणे यांसाठी पिण्याचे पाणी वापरल्यास ५,००० रुपयांचा दंड जाहीर झाला. देशातील मायक्रोब्रुअरींची राजधानी म्हणवणाऱ्या शहराला तो इशारा होता. ॲशव्हिलनेही तो भोगला. सप्टेंबर २०२४ च्या अखेरीस हेलेन चक्रीवादळाने शहराची जलव्यवस्था कोलमडली आणि नळाला पुन्हा पिण्यायोग्य पाणी येण्यास ५३ दिवस लागले. पर्यटन आणि ब्रुअरी दोन्ही एकाच वेळी थांबले. एकाच आकर्षणावर बेतलेली अर्थव्यवस्था किती नाजूक असते, हे त्या काळात तेथील कामगारांनी अनुभवले.

या उद्योगाची वाढ अखंड राहील, असेही गृहीत धरता येत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतील अँकर ब्रुइंग ही अमेरिकी क्राफ्ट चळवळीची आद्य प्रेरणा मानली जाणारी ब्रुअरी २०२३ मध्ये बंद झाली. २०२४ मध्ये अमेरिकेत नव्याने सुरू झालेल्या ब्रुअरींपेक्षा बंद पडलेल्यांची संख्या अधिक होती.

आरोग्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार २०१९ मध्ये जगभरात सुमारे २६ लाख मृत्यू मद्याशी निगडित होते. मद्यसेवनाचे कोणतेही प्रमाण आरोग्यास पूर्णतः सुरक्षित नाही, अशी भूमिका या संघटनेने २०२३ मध्ये मांडली. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांच्या सेवनाला प्रतिबंध करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात १५ वर्षांवरील पुरुषांपैकी सुमारे १९ टक्के आणि महिलांपैकी १ टक्क्याहून थोड्या अधिक मद्य घेतात. म्हणजे बहुसंख्य भारतीय मद्यापासून दूर आहेत. ज्या पर्यटनाचे केंद्र केवळ मद्य असेल, ते कुटुंबासह प्रवास करणाऱ्या मोठ्या वर्गाला आपोआप वगळते. आपल्याकडील क्राफ्ट बिअर सौम्य असते आणि ‘स्ट्राँग’ बिअरने व्यापलेल्या बाजारात ती संयत पिण्याची सवय लावते, असा युक्तिवाद उत्पादक करतात. त्यात तथ्य असू शकते. मात्र सौम्य पेय आले म्हणून तीव्र पेय कमी झाले, हे सिद्ध करण्याची जबाबदारीही हा युक्तिवाद करणाऱ्यांवरच येते.

रस्त्यांवरील सुरक्षितता हा तर अटळ मुद्दा आहे. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमहून अधिक अल्कोहोल आढळल्यास तो गुन्हा ठरतो आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यासाठी १०,००० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तरीही मे २०२४ मध्ये पुण्यातील कल्याणीनगर भागात भरधाव मोटारीने दोन तरुण संगणक अभियंत्यांचा बळी घेतला. त्याआधी अल्पवयीन चालकाला मद्य देण्यात आल्याचे तपासात समोर आले आणि शहरातील पबवर कारवाई झाली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईच्या कमला मिल परिसरातील गच्चीवरील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला होता. वयाची तपासणी, अग्निसुरक्षा आणि परतीची वाहतूक या तिन्ही बाबतींत महानगरे जिथे अपुरी पडतात, तिथे सार्वजनिक वाहतूक नसलेल्या डोंगरी गावात काय होईल, याचे उत्तर परवाना देण्यापूर्वीच शोधावे लागेल. बसची शेवटची फेरी संध्याकाळी सात वाजता सुटणाऱ्या गावात ब्रुअरीला परवाना देणे म्हणजे पाहुण्याला वाहन चालवत परत जाण्यास भाग पाडणेच होय.

पुढची दिशा

एवढे सारे विचारात घेतल्यावर क्राफ्ट बिअरकडे पर्यटनाचा मुख्य आधार म्हणून पाहणे योग्य ठरत नाही; पूरक आकर्षण म्हणून मात्र तिचा विचार गांभीर्याने करता येतो. त्यासाठी काही बदल राज्यांच्या हातात आहेत. शेतमालाच्या मुख्य क्षेत्रातील छोट्या उत्पादकासाठी, बार परवान्यापासून वेगळा, कमी शुल्काचा आणि कमी क्षमतेचा परवाना देता येईल. त्याला स्थानिक धान्याच्या किमान वाट्याची अट घालता येईल. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. बाजरी, ज्वारी आणि नाचणीपासून बिअर करण्याचे प्रयोग शहरांतील ब्रुअरींनी केलेले आहेत. ते प्रयोग पिकांच्या प्रदेशात नेणे ही पुढची पायरी ठरते. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात एकेकाळी हॉप्सची शेती होत असे. २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून त्या खोऱ्यात पर्यटकांचा ओघ वाढला आहे. मळा आणि प्रवासी एकाच ठिकाणी उपलब्ध असण्याचा असा योग देशात फार थोड्या ठिकाणी आहे.

परवान्यासोबत पाण्याचा ताळेबंद आणि सांडपाण्यावर प्रक्रिया यांची सक्ती हवी. माल्ट गाळून उरणारा चोथा प्रत्येक १०० लिटर बिअरमागे ओल्या स्थितीत साधारण २० किलो निघतो. शहरात तो कचरा ठरतो, तर गावात जनावरांचे पौष्टिक खाद्य. ग्रामसभेची, विशेषतः महिलांची संमती ही औपचारिकता न राहता खरी अट असावी. महाराष्ट्रात महिलांच्या मतदानाने गावातील दारू दुकान बंद करण्याची तरतूद आहे. दुकान सुरू करतानाही तोच आवाज ऐकला गेला, तर नंतरचा संघर्ष टळेल. पारंपरिक पेयांच्या बाबतीत मानांकनधारक समाजाच्या संस्थेलाच विक्रीचा पहिला हक्क देणे न्याय्य ठरेल.

राज्यांच्या तिजोरीचा मोह हा या वाटेवरील सर्वात मोठा अडथळा आहे. मद्यावरील उत्पादन शुल्क हा अनेक राज्यांच्या स्वतःच्या महसुलाचा मोठा स्रोत असल्याने धोरणाचा विचार लिटर आणि रुपये यांच्यापुढे क्वचितच जातो. पर्यटन विभाग आणि उत्पादन शुल्क विभाग यांची उद्दिष्टे येथे परस्परांना छेद देतात. एकाला कमी विक्रीतून अधिक मुक्काम हवा असतो, दुसऱ्याला अधिक विक्री. या दोघांपैकी कोणाच्या हातात लेखणी राहते, यावर पुढील दशकात नव्या परवान्यांचे स्वरूप ठरेल. प्रवाशाने मागे ठेवलेल्या पैशातील किती वाटा सातू-नाचणी पिकवणाऱ्याला, घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या कुटुंबाला आणि रात्री पाहुण्याला सुखरूप पोहोचवणाऱ्या वाहनचालकाला मिळाला, हा हिशेब ज्या राज्याने मांडला, त्यालाच या व्यवसायाचे खरे मोल कळेल.